डावी कळी

आमच्या भैरोबाचं तोंड गळून पडलं तेव्हा मी देवळाच्या उंबऱ्याबाहेर पहिल्या रांगेत उभी होते. कुणाकडून ऐकलेलं सांगत नाही. चैत्रातल्या जत्रेचा दिवस, टळटळीत दुपार, ढोल नुकता थांबलेला, आणि आत गाभाऱ्यात माझे वडील चिमाजी गुरव देवाला कौल लावत होते. 

कौल होता ठकुबाईच्या घराचा. ठकुबाई म्हणजे आमची जुन्या गावातली शेजारीण, भिंतीला भिंत. तिच्या अंबूचं लग्न जुळायचं की मोडायचं, हे त्या दुपारी देवाच्या अंगावरच्या दोन कळ्यांवर अडलं होतं. तसं ते अडलं याला कारण आमचं घर, आणि आमच्या घरातला एक पाटा.

जुनं गाव खाली वेळवंडीच्या काठाला होतं. भाटघरचं धरण बांधून झालं, पाणी चढायला लागलं आणि आम्ही सगळे वर माळावर आलो. मी तेव्हा सात वर्षांची. घरं मोडून वासे, कौलं, कणग्या, गुरं सगळं वर नेलं, आणि शेवटी देव न्यायचा ठरलं. देव स्वयंभू, जमिनीतून आपणहून वर आलेला. जमिनीतून वर आलेल्या देवाला उचलायचं कसं, हा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नाही. पाटलांनी दिवस ठरवला, ढोल आणले, माळावर देऊळ बांधून तयार ठेवलं. उचलायचं काम गुरवाचं. शेंदराशिवायचा देव गुरवाखेरीज कुणी बघायचा नाही, अशी आमच्या गावची रीत. म्हणून दाराला घोंगडी लावून आबा, म्हणजे माझे वडील, एकटेच पहार घेऊन आत गेले. दिवसभर आतून खणल्याचा आवाज येत होता. मधे एकदा ते घोंगडीआडून बाहेर आले, घराच्या सामानाच्या गाडीपाशी गेले आणि लाल कापडाचं, अलवणाचं, बोचकं घेऊन परत आत शिरले. दिवस कलताना देव अलवणात गुंडाळून डोक्यावर घेऊन आले. ढोल वाजले, बायांनी पाणी ओतलं, आणि देव वर आला. नव्या देवळात तो आबांनीच बसवला, शेंदूर थापला, चांदीचे डोळे लावले.

त्याच धांदलीत माझ्या आईचा पाटा हरवला.

तो पाटा साधा नव्हता. माझी आई बाळाबाई पालीची, राजगडाच्या पायथ्याची. तिच्या लग्नात तिच्या बापानं पाथरवटाकडून तो मुद्दाम घडवून घेतला होता. काळा, जड, डोक्याकडच्या बाजूला कोरलेली एक बारीक मासोळी. एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता, तो माझ्यामुळं. पाच वर्षांची असताना मी त्यावर वरवंटा आपटला होता, आणि आईनं त्यापायी मला दिवसभर जेवायला दिलं नव्हतं. असा तो पाटा. गाडीत घालताना होता. वर आल्यावर गाडीतून वरवंटा निघाला, पाटा निघाला नाही.

आईनं आठ दिवस माळ पालथा घातला. नवव्या दिवशी तिला आठवलं की गाडी उतरवायला ठकुबाई होती. तोपर्यंत या दोघी एकीच्या चुलीवरची आमटी दुसरीच्या ताटात अशा नांदत होत्या. माझ्या आईचा स्वभाव मला माहीत आहे, कारण तोच माझ्यात उतरलाय. एकदा डोक्यात काही बसलं की ते पहारीनंही निघत नाही. तिनं ठकुबाईच्या दारात जाऊन चारचौघांत तिला चोर म्हटलं. ठकुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. प्रकरण पंचांपुढं गेलं आणि पंचांनी ते देवापुढं नेलं.

ठकुबाईनं बेल-भंडार उचलून शपथ घेतली की पाटा तिनं घेतलेला नाही. मग कौल. आमच्याकडं कौलाची तऱ्हा अशी की चाफ्याच्या दोन कळ्या ओल्या करून देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. आबांनी कळ्या लावल्या. विचारलं, "देवा, ही बाई खरं बोलती का?"

डावी पडली.

त्या दिवसापासून ठकुबाईचा नवरा कोंडिबा याच्या घराकडचा पहिल्या नैवेद्याचा मान गेला. चार पिढ्यांचा मान. कोंडिबा त्यानंतर जत्रेच्या दिवशी रानात जाऊन बसायचा. आणि ठकुबाईचं नाव पडलं पाटाचोर. हे नाव आम्ही पोरांनी पाडलं. मी त्यात पुढं होते. अंबू माझ्याच वयाची, माझी खेळगडी. तिच्या तोंडावर मी ते ओरडले आहे, आणि ती रडली तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे लिहायला मला अजून जड जातं.

माझं लग्न तेराव्या वर्षी झालं, नसरापूरला. अंबूची सोयरीक दोनदा जुळली आणि दोनदा मोडली. पाहुणे यायचे, पोरगी पसंत पडायची, मग गावात कुणीतरी हळूच सांगायचं, आणि पाहुणे निरोपही न देता निघून जायचे. माझी मोठी पोरगी पाच वर्षांची झाली तरी अंबू आईच्या हाताखाली शेणी थापत होती. चोराचं घर, खुद्द देवानं सांगितलेलं.

त्या वर्षी जत्रेला मी माहेरी आले तर आई म्हणाली, "ठकीच्या पोरीला बिजवर आलाय."

कामथडीचे कुंडलिक म्हणून एक बागाईतदार, त्यांच्या धाकट्या भावासाठी. भावाची बायको गेलेली, दोन पोरं पदरात, वय पस्तिशीच्या पुढं. तरी त्यांची अट होतीच. कुंडलिकरावांनी पाटलांना सांगितलं होतं, की जत्रेदिवशी गावादेखत देवाला परत कौल लावा. घर निर्मळ आहे असं देव म्हणाला तर तिथंच नारळ फोडू. नाही म्हणाला तर आमची बैलगाडी आम्हाला परत घेऊन जाईल.

"उजवी पडूदे," मी म्हणाले.

 आई चटणी वाटत होती, बाजारातून आणलेल्या पाट्यावर, पण जुन्याच वरवंट्यानं. तो वरवंटा त्या पाट्याशी कधीच जुळला नाही. बारा वर्षं दर वाटणाला ती त्यावरून ठकुबाईला शिव्या घालायची. त्या दिवशी मात्र तिनं शिवी घातली नाही. तिचंही वय झालं होतं.

आबांचं सकाळपासून काहीतरी बिनसलं होतं. आंघोळ करून देवळात गेले ते पूजा झाल्यावरही तिथंच बसून राहिले. मी न्याहारी घेऊन गेले तर म्हणाले, "भागू, अंबू बरी हाय का गं?"

"बरी कशी असंल, आबा? वीस वर्साची घोडी झालीय म्हनत्यात समदी."

त्यांनी भाकरी तशीच बाजूला ठेवली.

दुपारी देवळापुढं मुंगीला वाट नव्हती. बायांनी उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही अशी रीत, म्हणून आम्ही बाहेर, पुरुष आत सभामंडपात. ठकुबाई आणि अंबू आमच्यापासून चार हातांवर उभ्या. अंबूच्या अंगावर नवं लुगडं होतं आणि ती खाली बघत होती. कुंडलिकराव पाटलांशेजारी घोंगडीवर बसले होते. कोंडिबाला त्या दिवशी रानातून ओढून आणलं होतं.

रखमाजी पाटील म्हणाले, "लावा गुरव."

आबांनी कळ्या भिजवल्या. उजवी हलकीच टेकवली. मग डावी. डावी लावताना त्यांनी अंगठ्यानं दाबली. परत दाबली. मी लहानपणापासून आबांना कौल लावताना पाहिलं आहे, इतकं दाबताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हाताच्या शिरा उभ्या राहिल्या होत्या. मला कळलं, आबा डावी पडू द्यायची नाही म्हणून दाबतायत. म्हणजे कळी कोणती पडायची ते... एवढा विचार माझ्या डोक्यात पुरता येतोय तोच कडकन आवाज झाला.

आधी एक चीर गेली, खांद्यापासून कपाळापर्यंत. मग बारा वर्षं थापलेल्या शेंदराचं ते वीतभर जाड तोंड पुढं कललं, आणि दोन्ही कळ्यांसकट आबांच्या पायाशी पडून फुटलं. चांदीचे दोन डोळे फरशीवर उताणे पडून छताकडं बघत राहिले.

 पाचशे माणूस, पण एक लेकरू रडत होतं तेवढाच आवाज. आत देवाच्या जागी एक काळा उभा दगड होता. चपटा, आणि त्यावर ओळीनं पांढुरके ठिपके.

मग रखमाजी पाटलांनी हात जोडले आणि ओरडले, "देवानं कात टाकली रं! अंगावर चांदन्या हायती बगा, चांदन्या!"

एकच गलका झाला. ढोलवाल्यानं ढोल धरला, कुणी भंडारा उधळला, म्हातारे आडवे पडले. आमच्या गावच्या पुरुषांना तो दगड ओळखू आला नाही याचं मला नवल नाही. चटणीशी त्यांची गाठ ताटात पडते. पण मी बाई होते, आणि मी दगडाच्या कोपऱ्याकडं बघत होते. कोपऱ्याचा टवका उडालेला होता.

खाली, जमिनीलगत, उलटी मासोळी होती.

 मी आईकडं पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं आबांकडं पाहिलं. आबांनी मान वर केली, तिच्याकडं बघितलं आणि अगदी थोडी, कुणाला दिसणार नाही इतकी, मान हलवली. नको म्हणून.

मी काय केलं ते सांगते. मी आईचा पदर धरला आणि तिच्या कानात म्हणाले, "आई, गप ऱ्हा. आबांचं काय हुईल? गप ऱ्हा."

तिनं पदर असा हिसडला की टर्रकन फाटला. आणि माझी आई, गुरवाची बायको, जिनं लग्न झाल्यापासून त्या उंबऱ्याला फक्त बाहेरून हात लावला होता, ती उंबरा ओलांडून आत गेली. ढोल थांबला.

"बाळाबाई, मागं सर!" पाटील ओरडले. "इटाळ हुईल!"

"ह्यो माजा पाटा हाय," आई म्हणाली.

"याड लागलं काय तुला?"

"माज्या बापानं पालीत घडीवला. ही मासोळी. ह्या पाथरवटाच्या टाकीच्या खुना, चांदन्या कसल्या? आनि ह्यो टवका माज्या पोरीनं उडीवला." ती मागं वळली. "भागू, वरवंटा आन."

मी पळाले. कशी गेले, कशी आले, आठवत नाही. चटणीचा लाल हात लागलेला वरवंटा मी उंबऱ्यावरून तिच्या हातात दिला. तिनं तो उभ्या पाट्याच्या मधल्या झिजेत आडवा टेकवला आणि वरून खाली ओढला. झिजेत तो असा बसला की बाजूनं काडी शिरली नसती. शेंदूर त्या दगडाला धरून का राहिला नाही, हेही मग मला कळलं. वर्षानुवर्षं वाटणाचं तेल प्यालेला दगड होता तो. कुठल्याही बाईनं सांगितलं असतं, पण बायांना आत येऊ कुणी दिलं?

पाटील खाली बसले. बसता बसता त्यांनी विचारलं, "चिमाजी, मग देव कुठाय?"

 आबांचा आवाज ओळखू येत नव्हता. "खाली हाय. पान्यात. म्या कोपरापतोर खनलं, मग गळ्यापतोर खनलं. त्यो दगड न्हवता पाटील, समदा डोंगरच हुता. त्यो निगंना. भाईर तुमी ढोल वाजवत हुता. मोकळ्या हातानं कसा येनार हुतो म्या?"

म्हणजे बारा वर्षं आम्ही पाट्याला नवस बोललो. पाट्याला पोरं मागितली, पाऊस मागितला. माझ्या लग्नाचा कौल पाट्यानं दिला होता. लोक एकमेकांची तोंडं बघत होते. एक म्हातारी मटकन खाली बसली आणि छाती बडवायला लागली.

ठकुबाई तोवर उंबऱ्याशी आली होती. ती आत गेली नाही. बाहेरूनच, अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "गुरव, माज्या येळंला कळी डावी पडली. ती कशी पडली?"

आबांनी आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडं पाहिलं.

"सांगा की."

"उजवी म्या घट लावली हुती," आबा म्हणाले. "तू खरी ठरली असतीस तर बाळाबाई पाटा हुडकायची थांबली नसती. हुडकत हुडकत हितंच आली असती."

 देव खोटा निघाला याचा धक्का मी कसाबसा पचवला होता. पण ज्या पाट्याच्या चोरीचा आळ, त्याच पाट्यापुढं त्या बाईला उभं करून, त्याच पाट्याच्या तोंडून तिला चोर ठरवणारा माणूस माझा बाप होता. मला खांद्यावर बसवून जत्रेत रेवड्या घेऊन देणारा. रोज पहाटे उठून आंघोळ केल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारा. आणि तिथून पुढं बारा वर्षं त्यानं रोज त्या पाट्याला शेंदूर लावला, आणि रोज संध्याकाळी घरी येऊन माझ्या आईच्या शिव्या ऐकत भाकरी खाल्ली.

कोंडिबा एकदम उठला. मला वाटलं आता तो आबांच्या अंगावर जातोय. पण तो तसाच गर्दीतून वाट काढत बाहेर पडला आणि रानाच्या दिशेनं चालू लागला. त्याला कुणी थांबवलं नाही.

कुंडलिकराव पाहुणे म्हणून बसलेले, त्यांना कुठं बघावं कळेना. शेवटी घसा साफ करून म्हणाले, "पोरीच्या आईवरचा आळ गेला. आमाला तेवढंच पायजे हुतं. नारळ फोडायचा म्हनलं तर कुनाफुडं फोडायचा, तेवढं सांगा."

 मग त्यांनी आपणहूनच तो देवळाच्या पायरीवर फोडला. अंबूचं लग्न ठरलं. दोन पोरांच्या बापाशी, जो तिच्या घरावर आळ होता म्हणून आला होता, आणि आता आळ नव्हता तरी तोच होता. अंबूनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी नजर खाली घातली.

आई गाभाऱ्यातून बाहेर आली. फाटलेला पदर तिनं खांद्यावर ओढून घेतला आणि सगळ्या गावादेखत ठकुबाईच्या पायावर डोकं ठेवलं. माझी आई कधी कुणापुढं वाकल्याचं मला आठवत नाही. ती बोलायचा प्रयत्न करत होती, पण तोंडातून नुसताच हुंदका येत होता.

"ठके, म्या तुला... बारा वर्सं म्या तुला..."

ठकुबाईनं पाय मागं घेतले नाहीत. तिला उठवलंही नाही. ती गाभाऱ्यातल्या त्या काळ्या दगडाकडं बघत होती.

"तुजा पाटा घावला, बाळाबाई," ती म्हणाली. "माजी बारा वर्सं म्या कुनाच्या घरात हुडकू?"

मग तिनं अंबूचा हात धरला आणि ती घराकडं निघाली. पाहुणे जेवायचे होते आणि पुरण वाटायचं राहिलं होतं.